दुधातली काठी

मंडेराच्या बाहेर तारेचं कुंपण
पैसे संपल्यागत मध्येच थांबतं.
तिथे माझी चौकी.
पलीकडे सोमालिया, अलीकडे केनिया,
मधे शेळ्या. त्यांना कोणी कागद मागत नाही.

मी वरच्या डोंगरातला, चहाच्या मळ्यांतला.
पहिल्या आठवड्यात इथे माझे ओठ फुटले.
दुसऱ्या आठवड्यात वाफुला गेला:
पाणी आणायला निघालेली जीप, रस्त्यात पुरलेलं काहीतरी.
त्याचा एक बूट बाभळीत अडकलेला सापडला.
लेस तशीच बांधलेली. दुहेरी गाठ.

दहाबो उजाडताना यायची,
पाठीवर उंटिणीच्या दुधाचे दोन पिवळे कॅन,
ज्यांत कधीकाळी खाद्यतेल होतं.
हुकूम असा, की कॅनमध्ये काठी घालून तळ चाचपायचा.
मी हाताला लागेल ती काटकी उचलायचो.
ती बघत राहायची.
दूध दुपारपर्यंत नासतं
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

एक दिवस तिने स्वतःचीच काठी आणली.
निखाऱ्यावर धुरावून काळी केलेली,
स्वच्छ फडक्यात, बाळ गुंडाळावं तशी.
"ही घाल," म्हणाली, मोडक्या स्वाहिलीत,
"शोध काय शोधायचंय ते.
दुधाने तुझं काय घोडं मारलंय?"

तेव्हापासून काठी चौकीतच राहिली, खिळ्याला.
रोज ती माझ्यासमोर धुऊन द्यायची,
मी तळ चाचपायचो,
तळाशी तळच असायचा.

तिच्याकडे ओळखपत्र नव्हतं. पावती होती,
अर्ज केल्याची, अकरा वर्षांपूर्वीची,
घड्यांवर फाटून चार तुकडे झालेली.
फॉर्मवर प्रश्न होता: आजोबांचा जन्म कुठला?
तिने हात लांब केला. "त्या झाडाखाली."
झाड कुंपणापलीकडे होतं.
"आणि आजी?"
"आजी ह्या बाजूला. त्या वर्षी पाणी इथे होतं."
मी पेन धरून बसलो.
रकाना दोन बोटं रुंद होता.

मग खाणीवर हल्ला झाला.
सहा मजूर, तंबूत झोपलेले,
त्यांतले दोघे माझ्या तालुक्याचे.
एकाच्या आईला मी नावाने ओळखतो.
साहेब म्हणाले, दूधवाल्या बायांच्या वाटेनेच आले ते,
कुंपण संपतं तिथून.
असेलही.
माझ्याकडे काठी होती, ती दुधात जायची.
माणसात घालायला काय असतं?

दुसऱ्या दिवशी ट्रक आला.
ज्यांच्याकडे कार्ड नाही त्या सगळ्यांना पलीकडे नेऊन सोडायचं.
चाळीसेक बाया, काही लेकरं, एक शिलाई मशीन.
फळी मी लावली. कडी मीच घातली.
दहाबो कडेला बसली होती, रिकामे कॅन मांडीवर.
मला वाटलं, शिव्या घालेल.
"पावसात ती काठी आत घे," एवढंच म्हणाली,
"भिजली तर वास जातो."

ह्या वर्षी पाऊस झाला नाही.

काल नव्या पोराने तीच काठी
चहा ढवळायला घेतली.
मी असा ओरडलो की त्याच्या हातून किटली पडली.
तो विचारत होता, पुरावा आहे का सर, कसला तरी?
मी काही सांगितलं नाही.
काय सांगणार? हुंगून बघितली,
धूर अजून होता, थोडासा.

कुंपण आता दोन किलोमीटर पुढे सरकलंय.
दूध पावडरचं येतं, लष्कराच्या गाडीतून.
वाफुलाच्या बायकोला पत्र लिहायचं
मी अजून टाळतोय. बुटाबद्दल सांगावं की नाही
हे ठरत नाही.

रात्री तारेपलीकडे काही हललं
की मी बंदुकीचा खटका सरकवतो
आणि श्वास रोखून थांबतो.
बहुतेक वेळा शेळी असते.